साहेब व्हायचंय ते कशासाठी?

तुमचं पत्र मिळालं. मुलगा २६ वर्षांचा, दोन वर्षांत तिसरी नोकरी, आणि तुमच्या मते तिन्ही साहेब 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात बुडालेले. कामाची मुदत अवास्तव आहे असं तो बोलला, तेव्हापासून आताच्या साहेबांनी त्याला बैठकांना बोलावणंच बंद केलं. त्यानं एमबीए करावं का, असं तुम्ही विचारता, 'म्हणजे स्वतःच साहेब होईल, कुणाचं ऐकून घ्यावं लागणार नाही.'

मला काळजी वाटली ती तुम्ही ओघात लिहून गेलात त्या दोन ओळींची. 'आम्ही त्याला कधी दुसरा नंबर येऊ दिला नाही.' आणि अहवालातली चूक एका ज्युनियर मुलीनं सगळ्यांसमोर दाखवली म्हणून तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही, 'ते बरोबरच केलं.' नाही, बरोबर नाही केलं. साहेब त्याच्याशी जसे वागले, तसाच तो तिच्याशी वागला. पुढची चूक दिसली तरी ती आता गप्प बसेल. पहिल्या नंबरालाच कौतुक मिळत आलेल्या मुलाला चूक दाखवली की आपली किंमतच घसरली असं वाटू शकतं. हे ओझं तुमच्याकडून आलंय, आणि ते तुम्हालाच उतरवता येईल.

नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान तज्ज्ञ करतात, त्याला नऊपैकी किमान पाच निकष लागतात. पत्रावरून मी ते साहेबांचंही करणार नाही, मुलाचंही नाही. पण टीका झाली की अपमान वाटणं टेबलाच्या दोन्ही बाजूंना असतं.

साहेब झालं की ऐकावं लागत नाही, हा समज मात्र आधी सोडा. साहेबाला बऱ्याच चुका खालच्या माणसांनी सांगितल्या तरच कळतात. कामाच्या ठिकाणची माणसं कशी वागतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली. तिथे चुकलेलं सांगायची भीती कमी होती. ऐकून न घेणाऱ्या साहेबाकडे नोंदी कमी होतात, चुका नव्हे.

एमबीएची प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षीही देता येईल. आत्ता त्यानं साहेबांना एकट्यानं भेटावं, काम किती, माणसं किती, दिवस किती हे कागदावर मांडावं. तरीही डावलणं थांबलं नाही, तर खुशाल नोकरी बदलावी. त्याआधी त्या मुलीशी बोलावं. आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या.