प्रश्न तुमचे : घर गेलं, आता विश्वासाचं काय?

प्रश्न : भाडं थकलं आणि खोली सोडावी लागली. करार तोंडीच होता, मालक डिपॉझिट परत देत नाही. दोन मुलांना घेऊन कधी नणंदेकडे, कधी स्टेशनवर रात्र काढतो. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी बायबलमधलं स्तोत्र 37 ऐकवलं, की नीतिमान टाकलेला किंवा त्याची मुलं भीक मागताना मी पाहिली नाहीत. म्हणजे खोट आमच्यात आहे का? दशांश, म्हणजे मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा भाग, चुकला म्हणून हे झालं का? (एक भगिनी, पुणे)

उत्तर : ताई, ते 25वं वचन. एका म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभर जे पाहिलं त्याची ती साक्ष आहे. दुसऱ्याचा विश्वास मोजायची फूटपट्टी नव्हे. आणि लगेच पुढचं, 26वं वचन काय म्हणतं? नीतिमान सदा दया करतो, उसनं देतो. वचन ऐकवणाऱ्यांनी एक ओळ आणखी वाचायला हवी होती.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं (1 करिंथ 4:11), की या घटकेपर्यंत आम्ही भुकेले, उघडेवाघडे आणि घरदार नसलेले आहोत. पौलाचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही. येशूने स्वतःविषयी सांगितलं, की डोकं टेकायला ठिकाण नाही (लूक 9:58).

दशांशाचं म्हणाल तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 14:28-29 काढा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (देवाच्या सेवेतलं, स्वतःची जमीन नसलेलं कूळ), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून गावातच ठेवायचा होता. आज दशांश तुम्ही देण्याचा नाही, तुमच्यापर्यंत पोचण्याचा आहे. 'शेवटची नोट पेरा, शंभरपट मिळेल' असं कोणी म्हणालं तर ती नोट मुलांच्या दुधाला ठेवा.

देवावर भरवसा आहे म्हणून हक्क सोडायचा नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नोंदवला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. डिपॉझिट दिल्याचा यूपीआयचा किंवा बँकेचा पुरावा शोधा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन 15100. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळा मुलांचा प्रवेश रोखू शकत नाही. रेशनकार्ड आधारशी जोडलेलं असेल तर धान्य दुसऱ्या भागातल्या दुकानातूनही उचलता येतं. मतदार यादीत नाव नसेल तर 6 नंबरच्या अर्जात झोपण्याची जागा लिहा. पत्त्याचा कागद लागत नाही. तुम्ही खरंच तिथे झोपता का, हे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी, रात्री येऊन पाहतो.

स्टेशनपेक्षा महापालिकेचा बेघर निवारा बरा. मात्र तो कुटुंबासाठी आहे का, हे आधी विचारा. बरेच निवारे फक्त पुरुषांचे असतात, आणि रात्री दहाला दारात पोचल्यावर ते कळणं फार वाईट.

प्रश्न : प्रार्थनेला बसलं की झोप लागते, नाहीतर देवाचा राग येतो. हे पाप आहे का?

उत्तर : नाही. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली झोपला. देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाने प्रश्न विचारला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणून आधी झोपा.

रागासाठी स्तोत्र 13 घ्या. अवघी सहा वचनं, दिवसाला एक पाठ करा. पुस्तक उघडायला उजेड लागणार नाही. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' चारदा येतं. नेमकी चूक होते ती इथे : लोक ती दोन वचनं गिळून थेट पाचव्यातल्या भरवशावर उडी मारतात, मग तो भरवसा तोंडदेखला वाटतो. चारही 'कोठवर' म्हणा, आपल्या मालकाचं, आपल्या फलाटाचं नाव घेऊन. घर मिळालं तर अमुक करीन असा नवस बोलू नका. तो सौदा झाला.

प्रश्न : अशा बेघर कुटुंबाला चर्चच्या हॉलमध्ये राहू द्यावं का? (चर्चचा कारभार पाहणाऱ्या एका पंचमंडळीकडून)

उत्तर : द्यावं, पण लेखी ठराव करून. 'सोय होईपर्यंत' असं तोंडी ठरलं की दोन-तीन आठवड्यांत कुजबुज सुरू होते. 30 दिवस लिहा, 25व्या दिवशी फेरविचार करा. हॉल उघडा आणि संडासाला कुलूप, असं सर्रास घडतं. दोन्ही किल्ल्या कुटुंबाकडे द्या, आतून लागणारी कडी तपासा. कुलूप असलेलं एक कपाट कागदपत्रांसाठी हवं. रविवारी शब्बाथ शाळेआधी (मुलांच्या बायबल वर्गाआधी) अंथरूण कुठे ठेवायचं, तेही सांगा. राहण्याच्या बदल्यात झाडलोट करून घेऊ नका, फोटो काढू नका, उपासनेत सगळ्यांपुढे साक्ष द्यायला उभं करू नका.

पैशांत एकच सल्ला. दर रविवारी दोनशे-पाचशे हातावर ठेवले तर ते वडापाव आणि रिक्षात जातात. तेच एकत्र साठवून नव्या खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं मंडळीने भरावं, पावती भाडेकरूच्या नावे घ्यावी आणि या वेळी करार नोंदवूनच चावी घ्यावी.