घरी साधी गिटार आहे, हवाईची स्लॅक-की शिकता येईल का?

तुम्ही विचारलंय की घरी साधी अकूस्टिक गिटार आहे, तर स्लॅक-कीसाठी, म्हणजे हवाईच्या त्या गिटारवादनाच्या पद्धतीसाठी, वेगळी ‘हवाईयन गिटार’ घ्यावी का. अजिबात नको. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूचा रॉड सरकवत वाजवायची. जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना तिच्यावर वाजायच्या. स्लॅक-की मात्र नेहमीच्या गिटारवर, नेहमीसारखीच धरून, बोटांनी वाजवतात. फक्त काही तारा सैल करून त्यांचा सूर उतरवायचा.

सुरुवातीला ‘टॅरो पॅच’ हे ट्यूनिंग, म्हणजे तारा सुरात लावायची रचना, घ्या. टॅरो म्हणजे आपलं अळू, म्हणजे नाव झालं अळूचं खाचर! सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. मधल्या तिघींना हात लावू नका. आता जी हा सा धरला, तर जाड तारेकडून बारीक तारेकडे प सा प सा ग प असे सूर लागतात. तानपुरा ऐकत वाढलेल्या माणसाला हे घरचंच वाटतं, मला तरी वाटलं. बारीक गेजच्या (जाडीच्या) तारा असतील तर उतरवल्यावर सहावी फडफडते. १२ चा सेट लावा, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असलेला.

आता अंगठा. सगळी कला त्यातच आहे असं माझं ठाम मत आहे. पहिले चार महिने मी सुरावटींच्या मागे होतो. सुरावट बसायची, पण ती वाजवताना अंगठा थांबायचा आणि गाणं पांगळं व्हायचं. शेवटी सगळं बाजूला ठेवलं आणि रोज २० मिनिटं फक्त अंगठा चालवला: पाचवी, चौथी, सहावी, चौथी. संथ, एकसारखा. एकदा आईने स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं आणि ठेका मोडला नाही. त्या दिवसापासून मी सगळ्यात बारीक दोन तारांवर एकेक सूर घालायला लागलो. तुम्हीही तोवर थांबा. डी-सेव्हन या कॉर्डला गेलात की अंगठा सहावी-चौथीवर ठेवा, दुसरी तार पहिल्या फ्रेटवर आणि तिसरी दुसऱ्या फ्रेटवर दाबा, झालं. हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर बोट आपटून पुढचा सूर काढणं), पुल-ऑफ (दाबलेलं बोट तार ओढत उचलून खालचा सूर काढणं) नंतर आपोआप येतात. सतारीवरचं कृंतन ऐकलं असेल तर पुल-ऑफ वेगळं समजवावं लागणार नाही.

हे वादन गुराख्यांकडून आलं. ब्रिटिश दर्यावर्दी व्हॅन्कुव्हरने १७९३ मध्ये हवाईच्या राजाला गुरं भेट दिली, ती मोकाट वाढून शेतं तुडवायला लागली, म्हणून १८३० च्या दशकात मेक्सिकोकडचे गुराखी बोलावले. गिटार त्यांच्याबरोबर आली असं मानतात. ट्यूनिंग हवाईच्या लोकांनी आपापल्या घरी घडवली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती बाहेर सांगितली नाहीत. आपल्या घराण्यांतल्या राखून ठेवलेल्या चिजांसारखंच हे. म्हणून तुम्हाला आज टॅरो पॅच सहज मिळतंय याचं मोल मला फार वाटतं.

ऐकायला स्लॅक-की वादकांपैकी आधी रे काने घ्या, गॅबी पाहिनुई त्यानंतर. काने कमी सूर वाजवतो आणि प्रत्येक सुराला पुरेसा वेळ देतो, त्यामुळे त्याचा अंगठा वेगळा ऐकू येतो. लेडवर्ड काआपाना अफाट आहे, पण त्याच्या वेगाने पहिल्याच महिन्यात धीर सुटतो. त्याला पुढच्या वर्षासाठी ठेवा.