ती त्याला ‘पळ’ का म्हणते?

प्रश्न : आंग ली यांचा ‘लस्ट, कॉशन’ (२००७) पाहिला. जपान्यांना सामील झालेल्या यी या अधिकाऱ्याला मारण्याचा इतका जुळवून आणलेला कट नायिका अंगठीच्या दुकानात एका वाक्यात मोडते आणि शत्रूला पळवून लावते. हे एकदम कुठून आलं?

उत्तर : एकदम आलेलं नाही. (शेवट माहीत करून घ्यायचा नसेल, तर पुढचं वाचू नका.) तिची फसवणूक शत्रूपेक्षा आपल्याच माणसांनी जास्त केली आहे, हे चित्रपट आधीपासून दाखवत येतो. यीला भुलवण्यासाठी घेतलेलं मिसेस माक या विवाहितेचं सोंग वठावं म्हणून तिला कट रचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटातल्याच एका मुलाबरोबर ‘सराव’ करावा लागतो. ज्याच्यावर तिचा जीव आहे तो क्वांग तिला जवळ घेतो, तेही तीन वर्षं उशिरा. वडिलांना पोचवण्यासाठी विश्वासाने दिलेलं पत्र कटाचा सूत्रधार वू जाळून टाकतो. हे तिला कळत नाही, आपल्याला दिसतं.

आता पहिलं दृश्य पुन्हा लावा. १९४२चं शांघाय, माहजोंग या चिनी सोंगट्यांच्या खेळाचा डाव, कॅमेरा बायकांच्या बोटांवर. युद्धात नोटांचा भरवसा नसतो; बोटातल्या खड्यावरून नवऱ्याची पत कळते. अशा जगात यी तिच्यासाठी ६ कॅरटचा गुलाबी हिरा घडवून घेतो. एवढी मोलाची वस्तू घालून रस्त्यावर कशी जाऊ, असं ती म्हणते. तो म्हणतो, मी आहे ना बरोबर. असं तिला तोवर कुणीच म्हटलेलं नसतं. (तो जवाहिऱ्या म्हणजे आपले अनुपम खेर.)

प्रश्न : कथा खरी आहे का?

उत्तर : प्रसंगाला आधार आहे, प्रेमाला नाही. यीमागचा खरा माणूस डिंग मोत्सुन हा जपानधार्जिण्या वांग चिंगवेइ गटाच्या हेरखात्याचा म्होरक्या. खात्याचा अड्डा शांघायच्या ७६, जेसफिल्ड रोडवर होता. डिसेंबर १९३९ मध्ये जपानविरोधी हेर झेंग पिंगरू त्याला मारेकऱ्यांच्या टप्प्यात आणण्यासाठी फरच्या दुकानात घेऊन गेली. बाहेरची माणसं पाहून त्याला संशय आला आणि तो धावत आपल्या गाडीत शिरला. १९४० मध्ये तिला गोळ्या घातल्या गेल्या. १९४७ मध्ये देशद्रोहाबद्दल त्यालाही देहदंड झाला. तिने त्याला सावध केल्याचा पुरावा नाही. पडद्यावरच्या ‘पळ’चं श्रेय चित्रपटाची मूळ कथा लिहिणाऱ्या आयलीन चँग यांचं.

प्रश्न : माझ्या डीव्हीडीवर लांबी १५२ मिनिटं दिसते. कापलेली प्रत आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पूर्ण चित्रपट १५८ मिनिटांचा, चीनमधली प्रत सुमारे ७ मिनिटांनी लहान. त्यामुळे घोटाळा होतो. पण पाल पद्धतीच्या (भारत, युरोपातल्या टीव्हीसाठीच्या) डीव्हीडीवर सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी (फ्रेम) धावतात, म्हणजे लांबी सुमारे ४ टक्क्यांनी घटते आणि १५८ची आपोआप १५२ होते. आधी वेष्टनावर पाल की एनटीएससी (अमेरिका, जपानमधली पद्धत) ते बघा. पाल असेल तर १५२ म्हणजे पूर्ण प्रत, १४५च्या आसपास असेल तर कापलेली. एनटीएससीवर १५२ दिसली, तर मात्र काहीतरी गेलंय.