पंपाच्या सिटिंगचं बिल एका ओळीत नको

प्रश्न : आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ४ मार्चला डिस्चार्ज मिळाला. पुढे उजवा हात सुजला, म्हणून सर्जननी पंप थेरपी (हातावर बाही चढवून हवेच्या दाबाने सूज उतरवणं) सांगितली. २० एप्रिल ते ८ मे १२ सिटिंग झाल्या, ९,६०० रुपये भरले. 'ओपीडी खर्च' म्हणून मेडिक्लेम नाकारला. पैसे मिळतील का? पंप विकत घेतला तर?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, बिलाची झेरॉक्स जोडलीत ते बरं केलंत. गोम तिथेच आहे. 'पंप थेरपी, एप्रिल-मे, ९,६००' एवढी एकच ओळ. तारखा नाहीत, कुठला हात ते नाही, सूज कशामुळे तेही नाही. मग क्लेम तपासणारा हा खर्च ऑपरेशनशी जोडणार कसा? मी २२ वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर काढली, तरी माझ्या थोरल्या बहिणीचा क्लेम असाच गेला. काखेतल्या गाठी काढल्यावर तिचा हात इतका सुजला, की पाटल्या सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या. आणि बिलावर नुसतं 'फिजिओथेरपी'. ते मला अजून लागतं.

बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस, काहींत ९० दिवस, त्याच आजाराचा खर्च मिळतो. तुमची पॉलिसी काढून तो आकडा बघा. ६० असेल, तर मुदत ३ मेपर्यंत. तुमच्या वहीतल्या तारखांप्रमाणे ९ सिटिंग त्याच्या आत बसतात, म्हणजे ७,२०० रुपये. उरलेल्या तीनच्या तारखा मागे ओढायला कुणी सुचवलं तरी ऐकू नका. त्यापायी हक्काचे पैसेही अडकतात.

थेरपिस्टकडून तारीखवार बिल घ्या : प्रत्येक सिटिंगचे ८०० रुपये, उजवा हात, सही, नोंदणी क्रमांक. सर्जनकडून 'ऑपरेशननंतरचा लिम्फेडेमा' (गाठी काढल्यावर हातात द्रव साचून येणारी सूज) असं स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी घ्या. डिस्चार्ज कार्ड, पावत्या जोडून कंपनीच्या तक्रार कक्षाकडे द्या आणि पोच घ्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालांकडे जा. पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत.

घरी वापरायच्या यंत्राचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. आधी महिनाभर भाड्याने आणून बघा. नुसत्या पंपावर भागत नाही. उतरलेली सूज पुन्हा चढू नये म्हणून बँडेज किंवा स्लीव्ह (हातावर घालायची घट्ट, लवचीक बाही) लागतेच, तिच्यासाठी पैसे राखून ठेवा. आणि हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर पंप बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.