पहिला अंक विकण्यापूर्वी: महालातील पेटीच्या निमित्ताने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्याची वाटणी होत असताना आजोबांच्या लोखंडी पेटीत ‘किशोर’चा पहिला अंक, ‘चांदोबा’चे सुरुवातीचे काही अंक, ‘किर्लोस्कर’चे बांधीव खंड, एका इंग्रजी साप्ताहिकाचा म्हणजे ‘टाइम’चा १९२३ मधला पहिला अंक आणि नागपुरातच छापलेली काही मासिके सापडली. पहिले अंक लाखांत जातात असे नातेवाईक सांगतात, तर रद्दीवाला किलोचा भाव सांगतो, तेव्हा खरे काय मानावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोघेही चुकत आहेत. अंक पहिला आहे एवढ्यावर भाव ठरत नाही. तो खरोखर त्या वेळचा आहे का, पूर्ण आहे का आणि त्याच्या मागे धावणारा ग्राहक आहे का, या तीन गोष्टींवर तो ठरतो.

ओळख पटवण्यापासून सुरुवात करावी. मुखपृष्ठावरचे ‘वर्ष पहिले, अंक पहिला’ हे शब्द पुरेसे नसतात, कारण बंद पडलेली मासिके नव्या मालकाकडे गेल्यावर पुष्कळदा पुन्हा एकपासून मोजली गेली आहेत. आतली मुद्रक आणि प्रकाशक यांची ओळ वाचावी, छापखान्याचा पत्ता पाहावा, किंमत कोणत्या चलनात आहे ते पाहावे. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या अंकावर नये पैसे, म्हणजे त्या दिवशी सुरू झालेले दशमान चलन, छापलेले असतील, तर तो पुढचा पुनर्मुद्रित अंक आहे हे उघडच झाले. जुन्या अंकांवर कित्येकदा केवळ शक आणि मराठी महिना असतो. त्याचे इसवी सनात रूपांतर करताना शकात सरसकट ७८ मिळवले, तर पौष, माघ आणि फाल्गुनातले अंक एका वर्षाने मागे जाऊ शकतात.

नाव बदलल्यामुळेही घोटाळा होतो. ‘किर्लोस्कर’ मासिकाचा आरंभ १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने कारखान्याच्या वार्तापत्रासारखा झाला, त्यामुळे मुखपृष्ठावर नुसते ‘किर्लोस्कर’ छापलेला अंक कितीही जुना दिसला तरी तो पहिला असू शकत नाही. ‘अमर चित्र कथा’च्या बाबतीत उलटा प्रकार आहे. इंग्रजी मालिकेतील पहिले पुस्तक ‘कृष्ण’ याला क्रमांक ११ आहे, कारण आधीचे दहा क्रमांक कन्नडमध्ये निघालेल्या पाश्चात्त्य परीकथांना दिले गेले होते. हे ठाऊक नसलेला माणूस नेमका मोलाचा अंक बाजूला सारतो.

‘टाइम’विषयी मला सर्वाधिक शंका आहे. ३ मार्च १९२३ च्या पहिल्या अंकाची हुबेहूब प्रतिकृती त्या साप्ताहिकानेच १९३८ मध्ये पंधराव्या वर्धापनदिनी वाचकांना दिली होती, आणि आज जगभर सापडणाऱ्या ‘पहिल्या अंकां’पैकी पुष्कळ त्यातले असतात. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या ऑक्टोबर १८८८ च्या अंकाचीही १९६४ मध्ये अशीच प्रतिकृती निघाली. ती प्रतिकृतीही आता जुनी झाली असल्याने कागद पिवळा आहे एवढ्यावरून निर्णय घेता येत नाही.

मराठीत प्रतिकृतीपेक्षा संग्रहित आवृत्तीचा गोंधळ अधिक. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चे ८४ अंक १८७४ पासून निघाले, पुढे ते पुस्तकरूपाने पुन्हा छापले गेले, आणि वाड्यांमधून निघणारी ‘निबंधमाला’ बहुधा ही पुस्तकेच असतात. डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चा ३१ जानेवारी १९२० चा पहिला अंक आपल्या नागपुरात तर अनेकांना हवासा वाटणे स्वाभाविक आहे, पण महाराष्ट्र शासनाने ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचा एकत्रित खंड प्रकाशित केलेला आहे आणि त्यातली पाने सुटी करून ‘मूळ अंक’ म्हणून दाखवणारे लोक भेटतात. खिळे जुळवून केलेल्या जुन्या छपाईत कागदाच्या मागच्या बाजूस अक्षरांचा दाब बोटाला जाणवतो किंवा तिरप्या उजेडात दिसतो; ऑफसेटवर छापलेल्या पानाला तो नसतो. जुन्या पानावरच्या पिनेची सावली किंवा घडीची रेघ नव्या कागदावर छापून आलेली दिसली, तर भिंगाचीही गरज नाही.

यानंतर प्रश्न येतो पूर्णतेचा, आणि घरगुती संग्रह बहुतेक वेळा इथेच अडतात. बांधणीवाल्यांची पूर्वीची पद्धत अशी होती की वर्षाचे अंक एकत्र शिवताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकायची आणि तिन्ही कडा छाटायच्या. वाचणाऱ्याची त्यामुळे सोय झाली, पण संग्राहकाला हवे असते ते सारे गेले. आपल्या ‘किर्लोस्कर’च्या खंडांत मुखपृष्ठे शाबूत असतील तर ते खंड उसवू नयेत. सुटा पहिला अंक अधिक भावाने जाईल या आशेने उसवलेल्या खंडाचे उरलेले अंक कोणी घेत नाही, आणि सलग वर्षे हवी असणारा अभ्यासकही हातचा जातो. पाने मोजावीत, मधली रंगीत चित्रे, पुरवण्या आणि वर्गणीचे फॉर्म आहेत का ते पाहावे. एका प्रतीचे मुखपृष्ठ दुसऱ्या प्रतीला लावलेले असेल तर तसे स्पष्ट सांगून विकावे. न सांगता विकणे ही सरळ फसवणूक आहे.

‘किशोर’चा पहिला अंक नोव्हेंबर १९७१ चा. बालभारतीने जुने अंक संगणकावर वाचायला मोफत ठेवले आहेत, म्हणून मूळ प्रतीची किंमत पडली असेल असे आपल्याला वाटते; तसे होत नाही, कारण ती घेणारा माणूस मजकूर विकत घेत नसून आपले बालपण विकत घेत असतो. मात्र पहिला अंक लोक जपून ठेवतात हेही लक्षात घ्यावे. तिसरा, सातवा, अकरावा अंक कोणी जपत नाही, आणि संच पुरा करणारे संग्राहक त्या मधल्या अंकांसाठी अडून बसलेले असतात. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ मध्ये सुरू झाला. मुलांच्या हातून गेलेले ते अंक धड अवस्थेत मिळणे कठीण, म्हणून आपल्याकडचे सुरुवातीचे अंक, पहिला त्यात नसला तरी, स्वतंत्रपणे नोंदवावेत.

नागपुरात छापलेल्या मासिकांबद्दल आपण एका ओळीत लिहिले आहे, पण मला तीच पेटीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या मासिकांच्या प्रती राज्यभर पसरल्या. नागपूरकडची छोटी मासिके मोजक्याच वर्गणीदारांकडे गेली आणि पुढे रद्दीत संपली. गंमत अशी की इतकी दुर्मीळ असूनही त्यांना बाजारात भाव नसतो, कारण ती मागणारे हात थोडे. असे अंक विकण्याऐवजी विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थेला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दाखवावेत, असे मी सुचवीन. एखाद्या अंकावर वाचनालयाचा शिक्का असेल आणि तो नोंदीतून कमी केल्याची खूण नसेल, तर आधी त्या वाचनालयाकडे चौकशी करावी.

भाव शोधताना संकेतस्थळांवर मागितलेली किंमत पाहू नये, प्रत्यक्ष विक्री झालेली किंमत पाहावी. सीताबर्डीतला जुन्या पुस्तकांचा विक्रेता आपल्याला कमी रक्कम सांगेल. त्यात त्याचे भांडवल अडकून राहण्याची भरपाईही असते, त्यामुळे त्याला लगेच लबाड ठरवू नये. संग्राहकाला थेट विकल्यास अधिक मिळते, पण पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि घासाघीस यांत महिने जातात. परदेशातून मागणी आली तर थांबावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात किमान ७५ वर्षे जुन्या, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्याच्या हस्तलिखित व दस्तऐवजांचा समावेश आहे आणि पुरावशेष खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपला अंक त्यात मोडतो की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून लेखी विचारून घ्यावे.

तोवर जपणूक. नागपूरकर उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत सारे मौल्यवान सामान आणून ठेवतात. कागदासाठी त्याहून वाईट जागा नाही. ती ओलसर हवा दोन महिन्यांत पिना गंजवते, पानांवर तपकिरी ठिपके आणते आणि कसर बोलावते. मे महिन्यात गच्चीवर ऊन देणेही तितकेच घातक, कारण लाकडाच्या लगद्याचा कागद उन्हाने पिवळा पडून तुटू लागतो. आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून उंच फळीवर, पुठ्ठ्याच्या पेटीत अंक आडवे ठेवावेत. चिकटपट्टी लावू नये, इस्त्री करू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. लॅमिनेशन केलेला पहिला अंक संग्राहकाच्या लेखी संपलेला असतो. गंजलेली पीन ओढून काढण्यापेक्षा तशीच राहू द्यावी. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडात बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात, कागदाला लागू देऊ नयेत.

पुढच्या खेपेला ‘टाइम’च्या आतल्या पहिल्या पानाचे, ‘किशोर’च्या दोन्ही बाह्य मुखपृष्ठांचे आणि नागपूरच्या मासिकांवरील मुद्रकाच्या ओळीचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढून द्यावे. रद्दीवाल्याला तोपर्यंत फक्त वर्तमानपत्रे द्यावीत, तीही चाळून, कारण आजोबांच्या पिढीत सुटे अंक वर्तमानपत्रांच्या घडीत सरकवून ठेवण्याची सवय फार होती.