‘क्रॉसलिंक्ड सिलिकोन’साठी मराठी शब्द

प्रश्न असा आहे की, शर्करेचे गट जोडलेल्या क्रॉसलिंक्ड सिलिकोन बहुवारिकांविषयी (पॉलिमरांविषयी) लिहिताना ‘क्रॉसलिंक्ड’ला ‘जाळीदार’ म्हणावे का, आणि ‘सिलिकॉन’ लिहावे की ‘सिलिकोन’.

‘जाळीदार’ मला पटत नाही. जाळीदार अनारसा म्हटले की डोळ्यांपुढे भोके येतात, आणि वाचक हा पदार्थ सच्छिद्र असल्याचे समजेल. येथे लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी आडव्या जोडलेल्या असतात, म्हणून मी ‘आडबंधित’ सुचवेन.

हा अर्थ चाचणीतूनही स्पष्ट होतो. नुसत्या साखळ्यांचे सिलिकोन टोल्युइन या द्रावकात विरघळते. आडबंधित सिलिकोन मात्र फुगते, पण विरघळत नाही, आणि आडबंध जितके दाट तितके ते कमी फुगते. फुगवलेला तुकडा वाळवून पुन्हा तोलला, की किती भाग न जोडला जाता द्रावकात निघून गेला तेही कळते.

‘साखर’ऐवजी ‘शर्करा’च लिहावे, कारण साखर म्हणजे व्यवहारात सुक्रोज, आणि येथे जोडलेला गट ग्लुकोजचा किंवा गॅलॅक्टोजचाही असू शकतो. शर्करेला अॅलिल गट (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला छोटा गट) जोडून तो प्लॅटिनम उत्प्रेरकाच्या साहाय्याने सिलिकोन साखळीतील सिलिकॉन-हायड्रोजन बंधावर बसवतात. मात्र शर्करेचे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटही त्या बंधाशी अभिक्रिया करू शकतात, म्हणून ते बहुधा आधी अॅसिटिल गटांनी झाकून नंतर मोकळे करतात. साध्या सिलिकोनवर पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, सुमारे ११० अंश असतो; तो जितका कमी तितके पाणी अधिक पसरते. मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांनी तो उतरावा अशी अपेक्षा असते, परंतु या साखळ्या फार लवचीक असल्याने हवेत ते गट आत वळू शकतात आणि पाण्यात पुन्हा बाहेर येऊ शकतात. त्यामुळे नमुना पाण्यात ठेवण्यापूर्वी आणि नंतर अशी दोन्ही मोजमापे देणे मला आवश्यक वाटते.

‘सिलिकॉन’ हे मूलद्रव्य आणि ‘सिलिकोन’ हे त्याचे बहुवारिक, हा फरक लेखनात कटाक्षाने पाळावा. नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कीटोन या कार्बनी संयुगांच्या नावाच्या धर्तीवर ‘सिलिकोन’ हे नाव दिले. कीटोनमध्ये कार्बन व ऑक्सिजन यांच्यात दुहेरी बंध असतो. सिलिकोनमध्ये तसा बंध नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक गुंफलेले असतात. ही रचना ‘पॉलिसिलॉक्सेन’ या नावात नेमकी उतरते, म्हणून शास्त्रीय लेखात मी ‘शर्करागटयुक्त आडबंधित पॉलिसिलॉक्सेन’ असे लिहीन.