स्कॅनर घेण्याआधी एक वही घ्या

देवगडकडच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत, १९३० च्या आसपासच्या जमाखर्चाच्या आणि सभावृत्तांताच्या वह्या आहेत, मोडी लिपीतले दोन गठ्ठे आहेत आणि एका पेटीत १२० मायक्रोफिश, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेले फिल्मचे तुकडे आहेत. हाताशी साठ हजार रुपये आहेत. कोणता स्कॅनर घ्यावा, म्हणजे नाव टाइप केलं की पान समोर येईल?

ताई, स्कॅनर तूर्तास घेऊच नका. हे मी आमच्या देवस्थानाच्या दप्तराचा घोळ भोगून सांगतोय. आम्ही ते काम एका बाहेरच्या माणसाला दिलं. महिन्याभरात त्याने अकरा हजार पानं पेनड्राइव्हवर आणून दिली. आम्ही खूश, पेढेबिढे वाटले. फाइलींची नावं ०००१ पासून सुरू, कुठली वही कुठे संपते ते कळायला मार्ग नाही. जागा वाचवायला त्याने सगळं निव्वळ काळं-पांढरं करून टाकलेलं, त्यामुळे जिथे ओल लागून कागद पिवळा पडला होता तिथे पडद्यावर सरळ काळा डाग. पुढे गणपतीत मुंबईहून एक चाकरमानी पणजोबांच्या मानपानाची नोंद शोधायला आले. आम्ही तीन दिवस पडद्यावर पानं सरकवत बसलो. शेवटी आमच्या म्हाताऱ्या गुरवांनी मूळ वही मागवली आणि अर्ध्या तासात नोंदीवर बोट ठेवलं. त्यांच्या डोक्यात यादी होती, आमच्या पेनड्राइव्हमध्ये नव्हती.

म्हणून पहिला महिना फक्त यादी. प्रत्येक वहीला, खंडाला, गठ्ठ्याला आणि फिशला एक क्रमांक द्या, तो पेन्सिलीने लिहा आणि संगणकावरच्या तक्त्यात एक ओळ भरा: क्रमांक, काय आहे, कोणत्या सालचं, किती पानं, अवस्था कशी. पुढे फाइलचं नाव याच क्रमांकावरून पडेल, म्हणजे 'वही १२, पान ४५' हे नावातच दिसेल. पानं मोजताना कोरी पानंही मोजा आणि स्कॅनही करा. नाहीतर कोरं पान सोडलंय की चुकून राहिलंय, हा वाद पुढची दहा वर्षं चालतो.

यादी करताना वह्यांतली माणसांची आणि गावांची नावं वेगळ्या स्तंभांत टाइप करत चला. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण हस्ताक्षरातल्या वह्यांसाठी मला तरी दुसरा भरवशाचा मार्ग सापडलेला नाही. दहावीतली दोन मुलं नि एक निवृत्त तलाठी मिळाले तर सोनं. तलाठ्याला अक्षर लागतं आणि गावंही माहीत असतात.

छापील मासिकांचं काम सोपं आहे. तिथे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, चालतं. टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे, त्याला मराठीची भाषाफाइल आहे. गूगल ड्राइव्हवर चित्र टाकून डॉक्समध्ये उघडलं तरी मजकूर मिळतो. मात्र खिळ्यांनी छापलेलं जुनं पान असेल तर घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल होणार, आणि कागदावरचा प्रत्येक ठिपका त्याला अनुस्वार वाटणार. त्यातून त्या काळी अनुस्वार खरोखरच जास्त होते! 'नाहीं', 'कांहीं', 'करणें', 'वेंगुर्लें'. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आज तुम्ही 'काही' शोधलंत तर 'कांहीं' सापडत नाही, आणि लोकांना वाटतं संगणक बिघडला.

यावर उपाय सोपा आहे. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा. शेजारी त्याची शोधापुरती दुसरी प्रत करा आणि तीत सगळे अनुस्वार काढून टाका, दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करा, अंक एकाच लिपीत आणा. शोधायचा शब्दही त्याच चाळणीतून काढायचा. तक्त्यातल्या 'बदला'च्या सूत्राने हे होतं, प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. प्रत वाचायला विचित्र दिसते, पण ती कोणी वाचणारच नसतं. गावांची गोष्ट निराळी. वेंगुर्लें आणि वेंगुर्ला, चिपळोण आणि चिपळूण ही नुसती अनुस्वाराची भानगड नाही, म्हणून 'कागदावरचं नाव' आणि 'आजचं नाव' असे दोन स्तंभ ठेवा. जिल्ह्याचंही तसंच. तुमच्या देवगडच्या १९८१ च्या आधीच्या कागदावर जिल्हा रत्नागिरी असणार, सिंधुदुर्ग त्या वर्षी १ मे रोजी झाला. रायगडचे कागद असतील तर कुलाबा.

आणखी एक: कोणी पूर्वी डीटीपीच्या, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये यादी टाइप करून ठेवली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सांकेतिक पद्धतीत आणा. पडद्यावर मराठी दिसतं, आत भलतीच अक्षरं असतात, शोध लागत नाही.

मोडीला ओसीआर लावायच्या भानगडीत पडू नका. शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. जाणकाराकडून प्रत्येक कागदाची एकच ओळ लिहून घ्या: तारीख, गाव, नावं, विषय. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडी वर्ग होतात, तिथे शिकलेलं कोणी जिल्ह्यात नक्की भेटेल. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी जुनी कोतवाल बुकं चाळायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी केवढा मान आला होता, आठवत असेल. तारखा मात्र नीट उतरवून घ्या. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ३ + ७० + १०० + १०००, म्हणजे जुन्या दप्तरातल्या शुहूर कालगणनेचं सन ११७३, म्हणजे इसवी १७७२-७३. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरच्या नोंदींना ७९. मूळ तारीख आणि इसवी दोन्ही ठेवा, नुसती इसवी ठेवलीत की चूक पकडता येत नाही.

आता फिश. पहिला प्रश्न: त्यावर आहे त्याचे मूळ छापील अंक तुमच्याकडे आहेत का? असतील तर फिश बाजूला ठेवा आणि कागद स्कॅन करा. नसतील तर पुढे वाचा. फिश म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरची फिल्म. २४ पट लहान केलेली असेल तर ७ ओळी नि १४ रकाने अशी ९८ पानं तीवर मावतात. वरच्या पट्टीवर नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल असं शीर्षक असतं, ते आधी यादीत उतरवा. कागदावर इंचाला ३०० ठिपके हवे असतील तर या फिल्मवर ७,२०० लागतात. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात, प्रत्यक्षात तो तेवढी बारीक अक्षरं उचलत नाही. तुमचे साठ हजार इथेच बुडाले असते.

त्यापेक्षा कॅमेरा. २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा आणि एकास एक मॅक्रो लेन्स, म्हणजे वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढीच उमटवणारी लेन्स घ्या, वापरलेलीही चालेल. ए-फोर पान फिशवर साडेबारा मिलिमीटर उंच भरतं, त्यावर सुमारे ३,२०० पिक्सेल पडतात, म्हणजे मूळ पानाच्या हिशेबात इंचाला २७० च्या आसपास. वाचायला आणि ओसीआरला पुरेसं. खाली एलईडीची पांढरी पाटी, वर फिश, कडांनीच धरायची. जांभळट-निळसर फिश दिसली तर ती बहुधा डायझो, म्हणजे दुसऱ्या फिल्मवरून रंगावर काढलेली प्रत. उजेडात ती फिकी पडते, फोटो काढला की लगेच पाकिटात घाला.

हाच कॅमेरा वह्यांनाही चालतो. आमच्या सुताराने फणसाच्या लाकडाची चौकट करून दिली, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. पातळ कागदाच्या मागे काळा कागद सरकवला की पलीकडची शाई कमी दिसते. खंडांची शिवण उसवू नका, कागद ओढून घेणारं मशीन तर जवळही आणू नका. फोटो रंगीत आणि पूर्ण दर्जाचे ठेवा. ए-फोर पान ३०० ठिपक्यांनी रंगीत घेतलं तर न दाबलेली फाइल २६ एमबीची होते, म्हणजे वीस हजार पानांना साधारण ५२० जीबी. एक टीबीची डिस्क आज काही फार मोठी गोष्ट नाही.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडाच्या आत आवरा. पावसात कागद सादळतो, फिल्मचा थर चिकटतो आणि लेन्समध्ये बुरशी धरते. प्रती तीन ठेवा, त्यांतली एक घाटावर. कोल्हापुरात कोणी नातेवाईक असेलच. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची मूळ डिस्क नि तिची प्रत एकाच कपाटात होती, आणि छपरावरून पत्रे गेले होते. कपाट वाचलं ते नशिबाने.

तर ताई, आता एवढंच करा. फिशची पेटी उघडा आणि वास घ्या. सिरक्यासारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली आहे आणि तो रोग शेजारच्या फिशलाही लागतो. तशा फिश लगेच वेगळ्या काढा, त्यांचा नंबर पहिला. वास कसा आला आणि मूळ अंक शाबूत आहेत का, ते इथे लिहा, मग कोणती लेन्स ते सांगतो.